हाळीतला दम

पौष संपायला आला की आमच्या भागात रस्त्याकडेला हुरड्याच्या पाट्या दिसू लागतात. शेतात मांडव, बाजा, गाद्या, तीन तऱ्हेच्या चटण्या आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. परवा एका मित्राने आग्रह करून नेलं. हुरडा उत्तम होता, खोटं कशाला बोलू. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळताना बसायचा तो चटकाही बसला. पण दोन घास खाल्ले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. एवढं ज्वारीचं रान, दाणे दुधात आलेले, आणि कोणी ओरडत नव्हतं. मालकाला विचारलं, पाखरं कशी राखता? त्याने पिकावरून ताणलेली चकचकीत फीत दाखवली. वारा आला की ती भुणभुणते आणि पाखरं बिचकतात म्हणे. मी जवळ जाऊन ऐकली. एकच सूर, ना वर ना खाली. मित्र म्हणाला, तुला हुरडा खायला आणलंय की फीत ऐकायला?

त्याचंही बरोबर होतं. पण आवाजाच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाला हुरड्याचे दिवस जिभेने आठवत नाहीत, कानाने आठवतात. आणि कानाने आठवायला बसलं की माझ्याकडे एकच मोसम येतो. नव्वदीच्या अगदी शेवटचा, कौसाआत्याचा आवाज गेला त्या वर्षीचा.

कौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिसगावच्या अलीकडे एका खेड्यात एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बाकीचं वर्ष ती मिळेल त्या कामावर जायची, पण ज्वारी निसवून कणसं भरू लागली की ती दुसऱ्या कशालाच हात लावत नसे. भानुदासआबांच्या रानात चार लाकडांवर माळा बांधलेला असायचा. सकाळी दिवस उगवायच्या आत ती त्यावर चढायची आणि ऊन उतरेपर्यंत पाखरं राखायची. थंडीत आमच्याकडे भोरड्या येतात. पाचशे-हजारांचा थवा एकदम वळतो, एकदम उतरतो, आणि उतरला की कणसं नुसती पिशव्या झटकल्यासारखी रिकामी. हातात गोफण असायचीच. पण गोफणीचा दगड एका जागी पडतो, हाळी सगळ्या रानात पडते, असं तिचं म्हणणं होतं.

तिची हाळी मी शब्दांत लिहू शकत नाही. 'हा' पासून सुरू व्हायची, मध्ये कुठेतरी फिरायची आणि 'होय' वर सुटायची. पलीकडच्या शिवारातली बाई तिच्या दुपारच्या हाळीवर घड्याळ लावल्यासारखी भाकरी सोडायला बसायची. पौर्णिमेला विहारात वंदनाही आत्याच सांगायची, बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणायच्या. एका पावसाळ्यात वर्षावासाला विहारात राहिलेल्या भंतेजींनी श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं, तेव्हा ती त्यांना म्हणाली होती की मला पाखरांकडं लक्ष द्यायला लागतं, श्वासाकडं माझं पोट बघतंय. भंतेजी हसले, असं वडील सांगत.

त्या वर्षी वैशाखात तिच्या गळ्याची गाठ काढली. गाठ फार वाढली होती, काढणं भागच होतं. आवाजाला धोका आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माणूस वाचतंय म्हटल्यावर आवाजाचा विचार कोण करतो? आत्या वाचली. आवाज गेला. बोलायला लागली की ओठ हलायचे आणि घशातून नुसता वारा यायचा. तोंडाशी कान नेला, किंवा आजूबाजूला अगदी शांत असलं, तरच त्या वाऱ्यातले शब्द कळायचे. गावातले लोक तिच्याशी मोठ्याने बोलू लागले, जसं काही तिला ऐकूच येत नव्हतं.

दिवाळीनंतर भानुदासआबा तिच्या दारात आले. माणूस वाईट नव्हता, आजही त्यांच्याबद्दल वावगं लिहिणार नाही. उंबऱ्याशी उभं राहून म्हणाले, "कौसाबाय, यंदा आराम करा. माळ्यावर दुसरं कुनी बघतो." दुसऱ्या दिवशी आत्या एसटीने शेवगावला माझ्या दुकानात आली. समोर बसली आणि बराच वेळ काही सांगत राहिली. मला त्यातलं एकच वाक्य नीट कळलं. "मला माळ्यावर जायचंय, मिलिंदा."

माझं दुकान म्हणजे एसटी स्टँडच्या मागे एक गाळा. पुढे कॅसेटींचा काउंटर आणि मागे गोधड्या आणि पोती ठोकून केलेली रेकॉर्डिंगची खोली. रिक्षातून फिरणाऱ्या जाहिराती आम्ही तिथे भरायचो. साड्यांचा सेल, बियाण्याची कंपनी, हरवलेली म्हैससुद्धा. त्याच वर्षी मी कॉम्प्युटर घेतला होता आणि पुण्याच्या एका मित्राने दिलेल्या सीडीवर त्यात एक सिंथेसायझर आला होता. पेटी नाही, पट्ट्या नाहीत, नुसता पडद्यावरचा. लोक बघायला यायचे आणि वाद्य कुठाय म्हणून कॉम्प्युटरच्या मागे डोकवायचे.

त्यात आवाज घडवायच्या दोन रीती होत्या. एक अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे रचायची. शिट्टीपेक्षाही साधा, गुळगुळीत सूर घ्यायचा, त्यावर दुप्पट उंचीचा, तिप्पट उंचीचा असे तीस-चाळीस सूर चढवायचे. कुठला किती, कुठला आधी विरतो, हे एकेक रेघ ओढून ठरवायचं. दुसरी ग्रॅन्युलर. तिच्यात उलटं, असलेला आवाज मळायचा. सेकंदाचा पन्नासावा भाग एवढे बारीक तुकडे करायचे आणि मग ते हवे तसे पेरायचे, दाट, विरळ, मागेपुढे. सोबतच्या माहितीत त्या तुकड्यांना धान्याच्या दाण्याचाच शब्द होता. मला फार गंमत वाटली होती. आमच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याच्या खळ्यावर दाणे मळले, आणि मी माझ्या खळ्यावर आवाज मळणार होतो.

आत्याचा आवाज माझ्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी बियाण्याच्या जाहिरातीसाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन आबांच्या रानात गेलो होतो, पाखरांची किलबिल भरायला. किलबिल भरली गेली आणि तिच्यामागे अकरा हाळ्याही भरल्या गेल्या. दूरच्या, खरखरीत, पण तिच्या. नुसत्या त्याच वाजवून भागणार नव्हतं. एकच हाळी तशीच्या तशी परत आली की पाखरू दुसऱ्या दिवशी ओळखतं. प्रत्येक वेळी थोडी वेगळी, तरीही तिचीच अशी हाळी हवी होती. मी आत्याला म्हणालो, तू काळजी करू नको. तुझा आवाज मी परत करतो. किती सहज म्हणून गेलो मी ते.

पहिलं काम साफसफाईचं. कॅसेट वायरने कॉम्प्युटरला जोडली, अकरा हाळ्या आत घेतल्या आणि वाऱ्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, माळ्याची करकर, असलं सगळं काढून टाकलं. प्रत्येक हाळी सुरू होते तिथे कापली आणि संपते तिथे कापली. पडद्यावर आवाजाच्या अकरा आकृत्या उरल्या, साफ केलेल्या माशांसारख्या. हार्ड डिस्क तेव्हा इवलीशी, म्हणून मूळ भरलेलं पुसून टाकलं. कॅसेटवरही पुढच्याच आठवड्यात एका सर्कशीची जाहिरात घेतली. कॅसेट वाया घालवायची नाही ही दुकानदाराची सवय, दुसरं काही नाही.

मग दाणे. मी हाळी पसरली, आखडली, एकीचं डोकं दुसरीच्या धडावर लावलं. दूरवरून भरल्याने गेलेला खर्ज अ‍ॅडिटिव्हने खालून रचला. आजच्यासारखं बटण दाबलं की ऐकू येतं असं नव्हतं. बदल करायचा, यंत्र हिशेब करत बसायचं, तोवर चहा पिऊन यायचं, आणि तेवढ्यात लाइट जायची. तरी पंधरा दिवसांत एक हाळी जमली. मी डोळे मिटून ऐकली आणि अंगावर काटा आला.

आत्याला बोलावलं. गुडघ्यांवर हात ठेवून ती खुर्चीत बसली. मी वाजवली. तिने पुन्हा वाजवायची खूण केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दम न्हाई यात."

मला राग आला नाही, पटलं. दूरवरून भरलेला आवाज, त्यात जोर कुठून येणार? मी कामाला लागलो. वरचे सूर वाढवले, धार आणली, दाणे दाट पेरले. पुढच्या बाजारच्या दिवशी ती आली. ऐकलं, मान हलवली. अजून दम नाही. आणखी आठ दिवस घालवले. हाळी आता एवढी दणकट झाली की शेजारचा टेलर पडदा बाजूला करून काय झालं म्हणून विचारून गेला. आत्या तिसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा तेच म्हणाली. या वेळी मात्र माझा तोल गेला. स्पीकर फाटायची पाळी आली, आता किती दम पाहिजे, असं मी तिला दरडावून विचारलं. आवाज नसलेल्या माणसावर ओरडणं किती सोपं असतं, ते मला त्या दिवशी कळलं आणि आजही त्याची लाज वाटते.

ती उठली. माझा हात धरला आणि तळवा आपल्या बरगड्यांवर ठेवला. मग तिने श्वास घेतला. बरगड्या उघडत गेल्या, किती उघडत गेल्या, त्या हाडकुळ्या बाईत एवढी जागा असेल असं वाटलं नव्हतं. तो भरून आल्यावर क्षणभर थांबला. माझ्या हाताला ते थांबणंही कळलं. पुढे हाळी यायला हवी होती. नुसता वारा आला.

"ह्यो दम," ती म्हणाली. "हाळी आदी हितं भरती. पाखरू तवाच मान वर करतंय."

दम म्हणजे जोर, असं मी धरून बसलो होतो. ती श्वासाबद्दल बोलत होती. आपल्या भाषेत एकच शब्द दोन्हीकडे चालतो, आणि दोन आठवडे मी चुकीच्या बाजूने तो ओढत राहिलो. तिच्या अकरा हाळ्यांच्या आधीचे अकरा श्वास मी कचरा म्हणून कापून टाकले होते. मूळ पुसलं होतं. कॅसेटवर सर्कस होती. हे तिला सांगताना माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

तिला मात्र त्यात एवढं काही वाटलं नाही. पदर नीट करून परत खुर्चीत बसली आणि माइककडे हात केला. "मंग आत्ता घे. तेवढंच तर ऱ्हायलंय माज्याकडं."

मी रडलो. ती बसलेली असताना, शटर अर्धं खाली ओढून, पंखा बंद करून, माइकची उंची बघतोय असं दाखवत रडलो. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला थोडा वेळ चक्की थांबवायला सांगून आलो. त्याने कारण विचारलं नाही. मग आत्याने दम भरले. एकेक, सावकाश, प्रत्येक वेळी डोळे वर करून, जणू समोर भोरड्या उतरत होत्या. एकोणीस दम. प्रत्येकाच्या शेवटी ते थांबणं, आणि मग रिकामा वारा. तो वारा मी कापला आणि तिथे हाळी लावली.

काय सांगू, हाळी उभी राहिली. आधी जे नुसतं वाजत होतं, ते आता कोणीतरी देत होतं. जन्मात मी अनेक आवाज घडवले. नाटकांसाठी घडवले, जाहिरातींसाठी घडवले, माझ्या कामाचं कौतुकही झालं. पण दोन नखांएवढ्या त्या जोडावर, जिथे खरा श्वास संपून मळलेला आवाज सुरू होतो, मी जेवढा जीव लावला तेवढा परत कुठे लावला नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट भरली, दोन्ही बाजू. एकही हाळी दुसरीसारखी नव्हती.

आबांना कॅसेट ऐकवली. त्यांनी टोपी काढून हातात धरली, दोनदा ऐकली आणि माळ्याची लाकडं आणायला माणूस पाठवला. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, माझा अ‍ॅम्प्लिफायर, माळ्याच्या खांबाला बांधलेला भोंगा. आत्या माळ्यावर चढली आणि मी खालून बटण दाबलं. दम भरला गेला, थांबला, आणि तिचा आवाज रानावर पडला. थवा उठला. सगळाच्या सगळा उठला. शेजारच्या रानात तूर कापणाऱ्या बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यातली एक बांध ओलांडून पळत आली आणि आत्याचा गळा बघायला लागली.

आठ दिवस पाखरं उठत राहिली. मी दुकान वाऱ्यावर सोडून रोज पहिल्या गाडीने जायचो. मी माळ्याखाली बसायचो, अ‍ॅम्प्लिफायरची बटणं फिरवायचो, भोंग्याची दिशा बदलायचो, वहीत नोंदी करायचो. एवढं समाधान मला नंतर पैशाने मिळालं नाही. आत्या वर बसून असायची. एक गोष्ट दिसत होती, पण मी तिच्याकडे काणाडोळा केला. भोंग्यात दम भरला जायचा तेव्हा तिची छातीही भरायची. सवयच ती, तीस वर्षांची. हाळी भोंग्यातून सुटायची आणि तिच्या छातीतलं तसंच आत राहायचं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. दुपारपर्यंत ती धाप लागल्यासारखी दिसायची. मी समजायचो, वय झालं.

पुढचंही सांगून टाकतो. तो तिचा माळ्यावरचा शेवटचा मोसम. त्याचे उरलेले दिवस तिने गोफणीवर आणि रिकामा डबा बडवत काढले, बांधाबांधाने फिरून, आणि आबांनी तिला शेवटच्या दिवसापर्यंत राहू दिलं. नंतर आबांच्या रानात ऊस आला. उसाला राखण लागत नाही. आत्या त्यानंतर सात वर्षं जगली. तो सिंथेसायझर, तो कॉम्प्युटर, ती कॅसेट, यातलं आज काही चालत नाही. मी तेव्हा महिनाभर खपून जे केलं ते आता मुलाच्या लॅपटॉपवर बोट सरकवलं की होतं, आणि तो मला विचारतो की बाबा, यात अवघड काय होतं?

तर भोंगा लावल्याच्या नवव्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मी कॅसेट उलटवून बटण दाबलं. हाळी झाली. थवा जागचा हलला नाही. दुसरी हाळी, तिसरी. मी आवाज वाढवला. मग एक भोरडी उडाली, आणि मला बरं वाटणार तेवढ्यात ती येऊन सरळ भोंग्यावर बसली. तिच्यामागे आणखी दोन आल्या. आतून आत्याची हाळी सुटत होती आणि त्या भोंग्याच्या काठावर बसून पंख साफ करत होत्या. मी वही उघडली. दाण्यांची पेरणी बदलावी लागेल, जोडाची लांबी कमीजास्त करावी लागेल, असं काहीबाही लिहायला लागलो.

आत्या माळ्यावरून उतरली. सावकाश, एकेक पाय टेकत. माझ्यासमोरून हात लांब करून तिने बटण बंद केलं. रान एकदम गप्प झालं, नुसती कणसांत चोची मारल्याची कुरकुर. ती काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, थांब आत्या, उद्यापर्यंत नवीन भरून आणतो. तिने माझ्या हातातली वही काढून घेतली आणि परत म्हणाली. मला वाकावं लागलं. वैशाखापासून मी तिच्या आवाजासाठी एवढं केलं होतं, आणि तिच्या तोंडाशी कान न्यायची ही पहिलीच वेळ होती.

"पाखरास्नी कळलं, ती बाय आता न्हाई," ती म्हणाली. "तुला कवा कळायचं?"

मी वायरी काढाव्यात म्हणून उठायला लागलो, तर तिने दंडाला धरून खाली बसवलं. तिचे ओठ अजून हलत होते. मी पुन्हा कान नेला.

"भूक लागली," ती म्हणत होती. "सकाळधरनं तीनदा सांगितलं तुला."